टायब्रेकरनंतरचा अर्धा तास: एका फुटबॉल गटातल्या शिव्यांचे प्रकरण

या प्रकरणातला गट कोल्हापुरातल्या एका पेठेच्या फुटबॉल समर्थकांचा आहे. अशा गटांत दर हंगामाला जे घडते ते इथे एका संध्याकाळीत बसवून मांडले आहे. म्हणून संघाचे, पेठेचे, माणसांचे नाव नाही, आणि संदेशही नमुन्याचे आहेत. ज्या शिव्या कोल्हापुरात चारचौघांत सर्रास ऐकू येतात त्या तशाच लिहिल्या आहेत. बाकीच्यांचे नुसते वर्णन केले आहे.

गट व्हॉट्सॲपवरचा, सहाशेच्या घरात सदस्य असलेला. एका गटात १०२४ माणसे मावतात, त्यामुळे ‘याला पण घ्या, त्याला पण घ्या’ म्हणत तो फुगत गेला. सुरुवात झाली ती सामन्यांच्या वेळा, तिकिटे आणि मंडळाची वर्गणी यांच्यासाठी. आज त्यात तालमीतली पोरं आहेत, पेठेतले दुकानदार आहेत, नोकरीसाठी पुण्याला आणि आखातात गेलेले आहेत, जुने खेळाडू आहेत, सध्याचे खेळाडू आहेत आणि खेळाडूंच्या घरातली माणसेही आहेत. त्यात बहिणी, वहिन्या आल्या. ॲडमिन चार. गटात नक्की कोण कोण आहे हे या चौघांपैकी एकालाही धड सांगता येत नाही, आणि पुढचे सगळे रामायण तिथूनच सुरू होते.

सामना शाहू स्टेडियमवर, उपांत्य फेरीचा, समोर शेजारच्या पेठेचा संघ. म्हणजे ईर्षा आलीच. पूर्ण वेळ बरोबरी, मग टायब्रेकर. गोलरक्षक एकोणीस वर्षांचा. निर्णायक पेनल्टी त्याच्या हाताला लागून आत गेली.

त्या अर्ध्या तासात गटात संदेशांचा पाऊस पडला. त्यातले सहा इथे पुरेसे आहेत.

पहिला, आधीची पेनल्टी अडवली तेव्हाचा: ‘आयला! काय अडवलाय मर्दा!’ दुसरा, हरल्याबरोबर: ‘च्यायला. गेलं. संपलं.’ तिसरा, पैज हरलेल्या मित्राला: ‘भाड्या, उद्याची मिसळ तुझ्याकडनं.’ चौथा: ‘रेफ्रीनं पैसे खाल्ल्यात.’ पाचवा एका जुन्या खेळाडूचा, ज्याच्या हाताखाली हा गोलरक्षक तयार झाला: ‘रांडच्या, हात हाईत का काय हाईत?’ आणि त्याला लागूनच, म्हणून पाचव्यातच धरलेली, कुणाच्याच फोनमध्ये नाव नसलेल्या एका नंबरवरून गोलरक्षकाचे नाव घेऊन आईवरची शिवी. सहावा थोड्या वेळाने आला: ‘त्या गल्लीतली पोरं असलीच. मोक्याच्या टायमाला पाय लटपटत्यात.’

भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी शिव्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत. एक, एखाद्या गोष्टीचे वर्णन करणारी. दोन, बोलण्याच्या ओघात सवयीने येणारी. तीन, समोरच्याला लागावी म्हणून दिलेली. चार, बोलण्याला जोर आणणारी. पाच, मनातली वाफ बाहेर काढणारी. आपल्या सहा संदेशांना ही चौकट लावली तर पहिला चौथ्या प्रकारात बसतो आणि दुसरा पाचव्यात. पहिल्या दोघांत कुणावरच रोख नाही. ‘आयला’ला तर कोल्हापुरात कुणी शिवी म्हणून मोजतही नाही, ती बोलण्यातली फोडणी आहे.

वाफेच्या शिवीला शरीराचाही आधार आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावले. शिवी घोकणाऱ्यांना साधा शब्द घोकणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ कळ सोसता आली. २०२० मध्ये त्यांनी मुद्दाम बनवलेले, शिवीसारखे वाटणारे नवे शब्द देऊन पाहिले, तेव्हा कळ सोसण्याची ताकद वाढली नाही. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे ॲडमिनांच्या यादीशी त्याचा संबंध येतो.

तिसरा संदेश, मिसळीचा, वरच्या चौकटीत नीट बसत नाही. दिसायला तो अपमान आहे, करतो मात्र उलटे काम. पैज हरलेल्याला भरल्या गटात ‘भाड्या’ म्हणणे म्हणजे ‘तू आपल्यातला, तुला एवढे चालते’ असे जाहीर करणे. त्याने उलट ‘व्हय रं सुकाळीच्या, दोन प्लेट खा’ असे लिहिले की व्यवहार पूर्ण झाला. शिवी परत फेडायची मुभा असणे हीच या दोस्तीतल्या शिवीची खूण. मुभा एकाच बाजूला असेल तर ती दोस्ती नसते.

पाचव्या संदेशातला पहिला भाग, म्हणजे वस्तादांची शिवी, याहून गुंतागुंतीची आहे. तिथे परतफेडीची मुभा नाही; पोरगा वस्तादांना उलट शिवी देणार नाही. पण तालमीत ती मायेची असते, हे दोघांनाही माहीत आहे. ती माया शब्दात नसते. ती शेवटच्या ‘च्या’ला दिलेल्या लांब हेलात असते, पाठीवर पडणाऱ्या थापेत असते आणि नंतर स्वतःच्या खिशातून पाजलेल्या दुधात असते. हेल टाइप होत नाही, थाप टाइप होत नाही. पडद्यावर उरतो तो फक्त शब्द. आणि इथे त्याच्या लगोलग खाली एका अनोळखी नंबरची आईवरची शिवी येऊन बसली. दोन्ही मिळून एकाच चौकटीत मावल्या.

ती चौकट कुणीतरी स्क्रीनशॉट काढून समोरच्या पेठेतल्या मित्राला पाठवली. तिथून ती एका मीम पानावर गेली, खाली ‘यांचेच लोक यांना काय म्हणत्यात बघा’ अशी ओळ. रात्री ती गोलरक्षकाच्या बहिणीने पाहिली, मग आईने. गोलरक्षक स्वतः मात्र त्याआधीच गुपचूप गटातून बाहेर पडला होता, आणि त्याचे कारण ना वस्ताद होते ना तो अनोळखी नंबर. सहावा संदेश वाचून तो निघाला. त्या संदेशात एकही शिवी नाही. पण कोणती गल्ली, तिथे कोणत्या समाजाची घरे, हे पेठेत सगळ्यांना माहीत असते.

सकाळी गोलरक्षकाचे मामा तालमीत आले. कुणी काय लिहिले ते दाखवा, एवढेच मागणे होते. दाखवायला काही नव्हते. एका ॲडमिनने रात्रीच घाबरून सगळे वादाचे संदेश ‘सर्वांसाठी डिलीट’ केले होते. हेतू चांगला असेलही, पण मामांना ते झाकाझाकी वाटले, आणि का वाटू नये? शिवाय मीम पानावरचा स्क्रीनशॉट जसाच्या तसा होता. म्हणजे अपमानाचा पुरावा जगाजवळ राहिला, लिहिणाऱ्याचा पुरावा मंडळाजवळ नाही.

शब्दांची यादी आणि तिचे हाल

ॲडमिनांनी दुसऱ्या दिवशी जे केले ते सगळेच करतात. बंदी घातलेल्या शब्दांची यादी गटात चिकटवली आणि खाली लिहिले, ‘एकही अपशब्द आला तर काढून टाकण्यात येईल.’

पहिली अडचण तांत्रिक. व्हॉट्सॲपवर संदेश फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यांना वाचता येतात, आणि गटासाठी शब्द गाळायची सोयच नाही. फेसबुक पानावर किंवा इन्स्टाग्रामवर ठरावीक शब्द असलेल्या प्रतिक्रिया आपोआप लपवता येतात. इथे चार माणसांनी सहाशेंचे वाचायचे. इन्स्टाग्राम पानावर त्यांनी तीच यादी टाकून पाहिली, तेव्हा दुसरी अडचण समोर आली. मराठी शिवी देवनागरीत लिहिली जाते, रोमन लिपीत लिहिली जाते, मध्ये तारे किंवा टिंबे टाकून, अक्षरांत जागा सोडून, एखादे अक्षर काढून तिथे आकडा घालून लिहिली जाते. एका ‘भाड्या’चीच हाताच्या बोटांवर न मावणारी रूपे होतात. नेम चुकू नये म्हणून कुणी नुसते ‘भाड’ एवढेच यादीत घातले, तर बाहेरगावच्या सामन्याच्या बसचे ‘भाडे’ विचारणारी प्रतिक्रियाही गायब झाली. हा जुनाच घोळ आहे. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली होती.

तिसरी अडचण माणसांची. यादीमुळे पहिला, दुसरा आणि तिसरा संदेश गुन्हेगार ठरले, आणि चौथा व सहावा सुटले. वाफ काढणारी पोरे दुखावली. शिवीऐवजी लिहायला ॲडमिनांनी ‘अरेरे’ सुचवले, त्याची आठवडाभर टिंगल झाली. नवा शब्द देऊन वाफ निघत नाही हे कीलच्या प्रयोगातही दिसलेच होते. पंधरवड्यात चाळीसेक पोरांनी वेगळा गट काढला. तिथे ॲडमिन नाहीत, मोठी माणसे नाहीत, वस्ताद नाहीत. म्हणजे ज्यांच्या एका ‘गप की रं’वर पोरे गप्प व्हायची तीच माणसे बाजूला पडली. मूळ गटात उरलेल्या टोमण्यांना तर यादीने एक प्रकारे शिक्काच दिला: ‘मी शिवी कुठं दिली?’

शिव्यांचे प्रमाण आवाक्याबाहेर गेले आहे अशी जी ओरड होते तिच्याकडेही जरा बेताने पाहावे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या राइट स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ५ कोटी १० लाख इंग्रजी ट्वीट तपासले, तेव्हा ७.७३ टक्के ट्वीटमध्ये शिवी सापडली, म्हणजे साधारण तेरात एक, आणि ती बहुतेक राग आणि दुःख या भावनांशी जोडलेली होती. हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण गटाचे वर्षभराचे बोलणे चाळले तर चित्र तेच दिसते: वेळापत्रक, वाढदिवस, श्रद्धांजली, रक्तदान शिबिर. भडका उडतो तो हरलेल्या सामन्यानंतरच्या अर्ध्या तासात. औषध द्यायचे तर तिथे द्यावे.

शिवीला बांध कुठे असतो

आपल्याकडे शिवीला जागा नव्हती असे नाही. शिमग्याला बोंब मारायची मुभा आहे, दुसऱ्या दिवशी नाही. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, मध्ये ओढा, आणि बघायला येणाऱ्याला आपण काय ऐकायला आलो आहोत हे ठाऊक. स्टेडियममधल्या गॅलरीलाही थोडाफार असाच बांध असतो: आरडाओरडा हवेत विरतो, कोण ओरडले ते कळत नाही, आणि गेटबाहेर पडले की संपले.

गटात यातला एकही बांध नाही. तालमीतली भाषा, घरातली भाषा आणि चौकातली भाषा एकाच पडद्यावर येते. वस्तादांनी लिहिताना डोळ्यांसमोर तालीम ठेवली होती. वाचणाऱ्या बहिणीसमोर घर होते. एकच शब्द तालमीत मायेचा आणि घरात आईवर चिखलफेक.

इथे एक गोष्ट बोलायची राहून जाते, ती बोललेली बरी. दोन पुरुषांच्या दोस्तीतली शिवीसुद्धा बहुतेक वेळा कुणाच्या तरी आईच्या, बहिणीच्या अंगावरून जाते. गटातल्या बायका सामन्याच्या दिवशी एक अक्षर लिहीत नाहीत, हा काही योगायोग नाही. ‘आमच्यात चालतंय’ म्हणताना त्या ‘आमच्यात’ नसतात.

कायदा कुठे लागतो

इथे गैरसमज फार. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केले. ‘६६अ लावू’ ही धमकी पोकळ आहे. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने एका वेब मालिकेच्या खटल्यात स्पष्ट केले की शिवराळ भाषा असभ्य असली तरी तेवढ्यावरून ती अश्लील ठरत नाही. म्हणजे ‘च्यायला’साठी कुणी आत जात नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे रोख पाहतात. समोरच्याने भडकून शांतता मोडावी अशा हेतूने केलेला अपमान कलम ३५२ खाली येतो. तो अदखलपात्र आहे, म्हणून पोलीस ठाण्यात बहुधा ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद होते. धमकी ३५१ खाली, बदनामी ३५६ खाली. स्त्रीच्या लज्जेला धक्का देण्याच्या हेतूने वापरलेल्या शब्दांसाठी कलम ७९ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. लिहिलेले शब्दही याच्या जागी पूर्वी असलेल्या, जुन्या दंड संहितेतल्या कलम ५०९ मध्ये बसू शकतात, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ईमेलच्या एका प्रकरणात म्हटले. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाच्या जातीवरून चारचौघांच्या देखत केलेल्या अपमानाला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

आता सहा संदेशांकडे परत पाहा. यादीत न बसलेला चौथा, रेफ्रीवर पैसे खाल्ल्याचा आरोप, हा सरळ बदनामीच्या दाव्याचा धोका आहे. सहाव्यात जातीचे नाव नाही, पण पुढच्या कुणी ते जोडले की मामला एकदम गंभीर होतो. ॲडमिनांनी ज्याला विचारले त्या वकिलाने सगळ्यात आधी बोट ठेवले ते या दोघांवर. ॲडमिनांना वाटणारी भीती मात्र थोडी जास्तीची होती: सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी, दोघांचा समान हेतू असल्याशिवाय ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितले आहे.

दुसरी मांडणी

यादी काढून टाकली. तिच्या जागी ॲडमिनांनी प्रत्येक शंकास्पद संदेशाला तीन प्रश्न लावायचे ठरवले. रोख कुणावर आहे? तो माणूस किंवा त्याच्या घरचे कुणी हे वाचणार आहे का? त्याला उलट बोलायची मुभा आहे का? रोख कुणावरच नसेल तर पुढचे दोन प्रश्न विचारायचेच नाहीत, संदेश राहू द्यायचा. रोख जात, गल्ली, धर्म किंवा घरच्या बाईवर असेल तरीही पुढचे दोन विचारायचे नाहीत, माणूस बाहेर काढायचा.

गटाचे दोन भाग केले. माहितीच्या गटात फक्त ॲडमिन लिहितात; खेळाडू आणि त्यांचे घरचे तिथे. गप्पांचा कट्टा वेगळा, शंभराच्या आत, आणि तिथे यायचे तर पेठेतल्या कुणीतरी ‘हा आमचा’ म्हणायला हवे. बिननावाचा नंबर नको. वेगळे झालेले चाळीस जण यातून बरेचसे परत आले. वस्ताद कट्ट्यावर आहेत. त्यांची शिवी तिथे ज्याला कळते त्यालाच दिसते.

शेवटची शिट्टी वाजली की कट्ट्यावरही अर्धा तास ‘फक्त ॲडमिन’ हे सेटिंग लावायचे. अर्धा तास हा काही शास्त्रातला आकडा नाही. स्टेडियमवरून निघून, गर्दीतून वाट काढत पेठेत पोचून, गाडी स्टँडवर लावायला तेवढा वेळ जातो. तोंडाने काय बोलायचे ते वाटेत बोलून होते. ज्या ॲडमिनने सेटिंग लावायचे तो सामन्याला जाऊ नये, हे अनुभवाने ठरले. हरलेल्या गॅलरीत उभा असलेला माणूस फोन काढतो तो सेटिंगसाठी नव्हे.

वाईट संदेश आलाच तर क्रम महत्त्वाचा. आधी नंबर, वेळ आणि वरखालचे चार-पाच संदेश दिसतील असे स्क्रीनशॉट, आणि गटाचे चॅट एक्सपोर्ट करून ठेवणे. हे लगेच व्हायला हवे, कारण लिहिणारा स्वतः साधारण अडीच दिवसांपर्यंत संदेश सर्वांसाठी पुसू शकतो. प्रकरण न्यायालयात गेलेच तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. म्हणून ज्या फोनवर संदेश आला तो विकू नये, फॉरमॅट करू नये. त्यानंतरच ॲडमिनने संदेश काढायचा. मग लिहिणाऱ्याला फोन, गटात झाप नाही. चारचौघांत झापले की तोही ईर्षेला पेटतो. फोन त्याच्या ओळखीच्या मोठ्या माणसाने करायचा. ‘दादा’ म्हणून ज्याला हाक मारतो त्याचे तो ऐकतो, ‘ॲडमिन’चे ऐकत नाही.

माफी जिथे शिवी दिली तिथेच, ज्याला दिली त्याचे नाव घेऊन. मात्र आधी त्याला विचारून. गोलरक्षकाला विचारले तेव्हा त्याने आईवरच्या शिवीची जाहीर माफी नको म्हटले, पुन्हा चर्चा होईल म्हणून. गल्लीवरच्या संदेशाची हवी म्हटले. ती आली, पण पहिला मसुदा ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ असा होता. तो परत पाठवावा लागला. ‘असतील तर’ काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला.

मीम पानाचे काय, हा प्रश्न राहिला. पानाविरुद्ध इन्स्टाग्रामवर तक्रार केली की कधी पोस्ट जाते, कधी नाही. इथे काम झाले ते दोन्ही तालमींतल्या जुन्या खेळाडूंनी एकमेकांना फोन केल्यावर. समोरच्या पेठेतही उद्या कुणाचा तरी गोलरक्षक चुकणार असतो, हे त्यांना समजावावे लागले नाही.

व्हॉइस नोटचा तिढा मात्र सुटलेला नाही. तिच्यात हेल येतो, त्यामुळे मायेची शिवी मायेची कळते, म्हणून वस्ताद आता तिच्यावरच भर देतात. पण वाईट शिवी शोधायची तर ॲडमिनला प्रत्येक नोट शेवटपर्यंत ऐकावी लागते, आणि सामन्याच्या रात्री ते होत नाही. सध्या कट्ट्यावर एवढेच ठरले आहे: सामन्याच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत व्हॉइस नोट पाठवायची नाही, फक्त लिहायचे. वस्तादांना ते मान्य नाही.